आर्लोचा शेवटचा डबा

"मार्लिस, रस्ता अजून बंदच आहे गं," आमचा जुना दोस्त लाईल फोनवर म्हणाला. "खिंडीतला बर्फ काढलेला नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ." आणि मी थांबले. मूर्खच मी.

आर्लो, माझा नवरा, हिवाळ्यात गेला. त्याआधी, पाय चालत होते तोवर, त्याने अलास्कातल्या डेनाली रस्त्यालगत एक डबा लपवून ठेवला. आम्हा तिघांचा हा जुना नाद. एकाने डबा लपवायचा, अक्षांश-रेखांश सांगायचे, बाकीच्यांनी जीपीएस यंत्र हातात धरून शोधायचा. जो पहिला पोचेल त्याचं नाव आतल्या कागदावर सगळ्यांत वर, आणि आतलं बक्षीस त्याचं. या डब्यात आर्लोने आपलं होकायंत्र ठेवलं होतं. "दोघं मिळून उघडा," तो म्हणाला, आणि लाईलने त्याच्या उशाशी बसून तसा शब्द दिला.

शेवटी लॉजवरून माझ्या पिकअपमधून निघालो. खडीने हाडं खिळखिळी केली. हिमनदीने मागे टाकलेल्या गोट्यांच्या बांधावर मी दुखरा गुडघा ओढत चढले. मागून लाईल ओरडत होता, "शाब्बास म्हातारे, चल चल!"

दगडांखाली डबा सापडला. झाकणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली. आत कोरा कागद. होकायंत्र नाही.

"अरेरे! कुणीतरी आधीच हात मारला," लाईल म्हणाला. "हे मेले टूरिस्ट!"

मी पट्टी त्याच्या नाकासमोर धरली. कोल्हे झाकण उचकटतात म्हणून दिसेल त्या डब्याला पट्टी बांधणारा या रस्त्यावर एकच माणूस. आर्लो त्यावरून त्याला किती चिडवायचा! म्हणजे मला थांबवून हा एकटाच येऊन गेला होता. आणि चोरी करतानाही गड्याला डब्याची काळजी!

लाईलची मान खाली गेली. "दर वेळी आर्लोच पहिला असायचा गं. वाटलं, एकदा तरी मी... पण नाव लिहायला हात धजेना." त्याने खिशातून होकायंत्र काढलं. "घे."

आर्लो गेला तेव्हा याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडले होते मी.

मी पेन्सिल काढली, कागदावर सगळ्यांत वर लाईलचं नाव लिहिलं आणि डबा पुन्हा दगडांखाली ठेवला.

"पहिल्याचं बक्षीस पहिल्याला," मी म्हटलं. "ठेव तुझ्याकडेच."

खाली उतरून पिकअप सुरू केली. तो धापा टाकत काचेशी आला. "अगं, आणि मी? लॉज केवढं लांब आहे!"

"होकायंत्र आहे ना जवळ? मग ये की चालत."