अकरावी चिठ्ठी

अभिमनच्या डाव्या हाताला आधी झटके येत आणि मग सगळे अंग ताठ होई. अमळनेरजवळच्या खेड्यातून त्याची बायको कुंदाबाई त्याला धुळ्याच्या दवाखान्यात घेऊन आली, ते १९४६ चा वैशाख लागला तेव्हा. मेंदूच्या उजव्या भागात गाठ आहे, असे डॉक्टर दातारांचे निदान झाले. ही शस्त्रक्रिया ते परदेशात शिकून आले होते. धुळ्यात मात्र ती प्रथमच होणार होती.

डॉक्टर पुण्याचे. अहिराणी त्यांना कळत नसे, म्हणून कंपाउंडर रुपचंद मध्ये बसे. रोगी कोणत्या हाताने काम करतो, हे विचारायला त्यांनी सांगितले. उजव्या हाताने करीत असेल, तर वाचेची जागा मेंदूच्या डाव्या भागात असते आणि उजवा भाग निर्धास्त कापता येतो; डावखुऱ्याची मात्र ती उजव्या भागातही असू शकते.

रुपचंदने आपल्या बोलीत विचारले, “जेवना हात कोणता शे?”

खानदेशात उजव्या हाताला ‘जेवना’च म्हणतात. अभिमन हसला. “जेवना तो जेवना. तुमना गावमा डावा हातघाई जेवतस का?”

शेजारच्या खाटांवरचे रोगीही हसले. रुपचंदने नोंदवहीत ‘उजवा’ असे लिहिले. संमतीच्या कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. तो तर सर्वांचाच डावा घेतात.

शस्त्रक्रियेच्या सकाळी अभिमनने एकच मागणे केले. “रुपचंदभाऊ, मूठ धराना हात तेवढा ऱ्हाऊ द्या.” पेरणीला महिनाही उरला नव्हता. पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरून सारखे बी सोडणारा त्याच्यासारखा माणूस गावात दुसरा नव्हता. हात राखा म्हणतो, एवढेच रुपचंदने डॉक्टरांना सांगितले.

कातडी बधिर करून कवटी उघडली. अभिमन जागा होता. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. डॉक्टर विजेची बारीक सळई एकेका जागी टेकवीत आणि तेथे कागदाची आकडा घातलेली चिठ्ठी ठेवीत. चादरीखाली अभिमनच्या तोंडाशी बसलेला रुपचंद उत्तर ऐकून वहीत उतरवी. तीन: अंगठा हलला. चार: करंगळीला मुंग्या. सात: ओठ ओढला गेला. रोगी घाबरू नये म्हणून तो मध्ये मध्ये त्याला बैलांविषयी बोलते ठेवी. तांबड्या बैलाची खोड सांगता सांगता अभिमन अर्ध्या शब्दावर थांबला.

“काय वाटलं?” वरून डॉक्टरांनी विचारले.

अभिमन गप्प. हात हलला नव्हता, ओठ हलला नव्हता. “काही नाही,” रुपचंद म्हणाला आणि अकराव्या आकड्यापुढे तेच लिहिले. सळई उचलली गेली. अभिमन पुन्हा तांबड्या बैलावर आला. आठवायला थांबला असेल, असे रुपचंदला वाटले.

मग डॉक्टरांनी त्याला न बोलता पडून राहायला सांगितले. गाठ काढताना ते केवळ मूठ आवळायला लावीत होते, आणि मूठ शेवटपर्यंत आवळली जात होती. गाठीबरोबर अकराव्या चिठ्ठीखालचा भागही निघाला.

आठ दिवस झाले तरी अभिमनच्या तोंडून शब्द फुटला नाही. सांगितलेले सगळे त्याला समजे; ओठ हलत आणि नुसता घोगरा आवाज निघे. सूज उतरली की बोलेल, असे डॉक्टर म्हणत होते. नवव्या दिवशी कुंदाबाईने भाकरी कुस्करून ताट पुढे ठेवले. अभिमनने डावा हात घातला. तिने तो हळूच बाजूला केला.

तो डाव्या हाताने का जेवतो, असे रुपचंदने विचारले.

“मूठ त्या डावा हातमाच धरतस,” ती म्हणाली. “इळा, कुऱ्हाड, बठ्ठं डावा हातमा. जेवाले तेवढा जेवना. लहानपने मायनी चटका देल शे.”

रुपचंद नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे गेला, कुंदाबाईचे बोलणे सांगितले आणि ‘उजवा’ लिहिलेले व अकराव्या आकड्याचे अशी दोन्ही पाने त्यांच्यापुढे उघडून धरली. डॉक्टरांनी अकराव्या आकड्यावर बोट ठेवले.

“अकराच्या वेळी तो बोलत होता?”

“बोलत होता. थांबला.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शब्द परत येणार नाहीत, हे कुंदाबाईला आपण स्वतः सांगू, असे ते म्हणाले. पण तिच्या भाषेत ते रुपचंदलाच सांगावे लागले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, बैलांना हाक कोण देईल?

मृगात अभिमन चाड्यावर मूठ धरून उभा राहिला. बी सारखे पडत होते. बैलांच्या पुढे कासरा धरून कुंदाबाई चालत होती, आणि पेरलेल्या तासाच्या टोकाला वळताना हाक तीच देत होती.