मैनेचा पाला

सत्यभामेनं मैनेचे दात बोटांनी उघडले आणि जिभेखाली अडकलेला पाला ओढून काढला. हरणी अजून कोमट होती, पण डोळे थिजले होते. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यात लांबट, जाडसर पानांचे तुकडे मिसळलेले होते. विषारी कण्हेर.

तिच्या अंगणात कण्हेर नव्हतीच. तिचा नवरा जानराव यानंच मैनेला पाडस असताना तुरीच्या वावरातून धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलं होतं. तेव्हापासून सत्यभामेनं धोतरा उपटला, विषारी चिकाच्या शेराचं जुनं कुंपण काढायला लावलं. प्रत्येक रोप लावण्याआधी ती शेळ्या पाळणाऱ्या शेजारच्या कुलसुमबीला विचारी, "मैनेनं खाल्लं तं?" म्हणून अंगणात फक्त मोगरा, गुलाब आणि जास्वंद.

यंदा सातासमुद्रापलीकडच्या लढाईनं कापसाला कधी नव्हे तो भाव आला. अंगणात कापसाचे ढीग पडले आणि मैना त्यांत तोंड घालू लागली. अकोटचा व्यापारी कुरकुरला, तेव्हा जानराव म्हणाला होता, "रानात सोडून देऊ तिले."

"माणसाच्या हातची हाय ते. कुत्रे फाडतीन."

"बरं, राहू दे," तो म्हणाला होता. तिला ते पुरलं होतं.

आता तो तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"कुलसुमबीच्या मागच्या दारी कण्हेर हाय नं? तिकडूनच आला असन पाला."

सत्यभामा उठली. पानं मुठीत धरून ती शेजारी गेली. कुलसुमबी शेळीची धार काढत होती.

"हा पाला तुमी टाकला?"

कुलसुमबीनं पानं पाहिली आणि भांडं खाली ठेवलं.

"मी कावून टाकू? काल जानरावभाऊ फांद्या घेऊन गेले. पूजेले फुलं पायजे, मने. मी मनलं, फुलंच तोडा, पाला घरी नेऊ नका. मैना हाय."

"मंग?"

"जानरावभाऊ मने, 'मले मालूम हाय.'"

सत्यभामेनं पानं पुन्हा मुठीत मिटली. परतली तेव्हा जानराव बांधाजवळ खड्डा खणत होता. तिनं मैनेला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. माती त्यानंच ओढली.

संध्याकाळी तिनं त्याला वाढलं. भाकरी, मेथीची भाजी.

"हंगाम सरू दे. दुसरं पाडस आणून देतो तुले," तो म्हणाला.

"कुलसुमबीकडं जाऊन आली मी."

भाकरीकडे गेलेला त्याचा हात तिथंच राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो ताटातल्या हिरव्या भाजीकडे पाहत होता, आणि पाहतच राहिला.

आधी तिला कळलं नाही. मग कळलं: तो भाजीत कण्हेर शोधत होता.

ती त्याच्यासमोर बसली. आजवर कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. त्याच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यात भाजी घेतली, सावकाश चावून गिळली.

"जेवा," ती म्हणाली.