शेळ्यांची घळ

प्रसेनजितनं लोखंडी सळई रेतीत दाबली, बाहेर ओढली आणि ती किती खोल गेली ते बोटानं चाचपलं. जीपमध्ये बसलेल्या रेणुकानं मान बाहेर काढली.

"काऊन टोचून राह्यला रे?"

"चाक रुतते का पाहून राह्यलो, ताई."

उत्तर सरळ होतं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हा धाकटा भाऊ कित्येक वर्षं गावाकडं फिरकला नव्हता. आता एकाएकी पुण्याहून जीप आणि तंबू घेऊन उगवला. म्हणे, उन्हाळ्यात पूर्णेचं पात्र वाळवंटच असतं, राजस्थानले काऊन जाव! वर जागोजागी थांबून मोबाईलवर फोटो. रेतीचे ठेकेदारही रेती किती खोल आहे ते मोजायला आधी असाच एखादा पाहुणा धाडतात, मग ट्रॅक्टर येतात.

रेणुका गावची सरपंच. रेती उपसली तशा काठावरच्या विहिरी आटल्या, म्हणून गेल्या साली तिनं बायका जमवून नदीत उतरायच्या एकुलत्या रस्त्यावर आडवा चर खणला होता. ट्रॅक्टर थांबले, विहिरींना पाणी टिकलं. आता सरपंचाचाच भाऊ घरभेदी निघाला तर गावाला तोंड कसं दाखवायचं?

म्हणून ती राखण करायला सोबत आली होती. जुन्या रस्त्याकडं त्याची नजरही जाऊ नये म्हणून सकाळीच तिनं त्याला आडबाजूच्या, शेळ्या उतरतात त्या घळीतून खाली आणलं होतं. "डावीकडून घे, तिकडची माती कच्ची हाय," असं सांगत सांगत जीप अलगद उतरवली होती. आपल्या हुशारीवर ती तेव्हा खूशही झाली होती.

दिवसभर जीप रेतीत उधळली. एकदा चाक रुतलं, दोघांनी फावड्यानं उपसून काढलं. प्रसेनजित लहानपणासारखा खिदळत होता. संध्याकाळी तंबूपाशी चहा उकळताना मात्र तिला राहवलं नाही.

"खरं सांग, कोनं धाडलं तुले?"

तो हसला, मग त्याचा चेहरा उतरला. त्यानं मोबाईल तिच्यापुढं धरला. सगळे फोटो तिचेच होते: रेतीत अनवाणी, फावडं घेऊन, डोळ्यांवर हात धरून उभी.

"माय गेल्यावर गावात पाय ठेवाची हिंमतच नोती होत. तुयाशिवाय कोन हाय मले इथं?"

रेणुकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चहा त्याच्यापुढं सरकवला आणि खूप दिवसांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

सकाळी धडधडीनं जाग आली. घळीतून एकामागं एक ट्रॅक्टर उतरत होते, जीपच्या चाकोरीत नेमकी चाकं टाकत. पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं तिला पाहून अदबीनं हात जोडले.

"जय भीम, सरपंचबाई. काल सडकेवरून तुमची जीप घळीतून उतरताना पाह्यली. आमाले तं वाटत होतं, चरापायी नदी बंदच झाली."

प्रसेनजितचं तोंड पांढरं पडलं. "मायामुळं झालं ना, ताई?"

"नाही," ती म्हणाली. "वाट म्या दाखवली."