अंगुस्तानभर पाणी

“हे बसमधून उतरले,” ताई डोळे मिटूनच म्हणाली. “आज कुणीतरी ह्यांच्या शेजारी बसून सिगारेट ओढलेली आहे.”

बसचा थांबा आमच्या घरापासून चांगला लांब. खिडक्या बंद. मी काचेला नाक लावून मनात आकडे मोजायला लागले. चारशे दहाला दाजी दारात हजर! चपला काढता काढता म्हणाले, “काय एकेक लोक असतात. म्हातारा बसमध्ये भकाभक ओढत होता.”

“ताई, तुला पोलिसांत घेतील,” मी म्हणाले. “कुत्र्याच्या जागी.”

ताई हसली, आणि हसता हसताच बादलीवर वाकली. माझ्या विनोदांचं तेव्हा हे असंच व्हायचं.

ताईला चौथा महिना लागला होता. मला वाटायचं, बाई गरोदर राहिली की सकाळी एकदा ओकते आणि मग दिवसभर लाजते. सिनेमात तरी तसंच असतं. ताई दिवसातून वीस-वीस वेळा ओकायची. पोटात काही उरलं नाही की हिरवं पाणी पडायचं, तेही संपलं की नुसता आवाज. नऊ किलो उतरली होती. दोनदा सलाईन लावून झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, “निदान पाणी तरी टिकलं पाहिजे. नाहीतर दोघांचंही कठीण आहे.” मी दाराआडून ऐकलं. दाराआडून ऐकण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

ताई-दाजींच्या घराखाली बेकरी होती, तिचा वास सोसेना म्हणून ताई शिलाईमशीनसकट आमच्याकडे आली. आमच्या घरात कांदा बंद, फोडणी बंद, साबण बंद, पावडर बंद. आई गच्चीवर स्टोव्ह नेऊन रांधायची, आम्ही तिथेच उभ्याउभ्या जेवायचो. दाजी गाड्या दुरुस्त करणारे, ग्रीसमध्ये बुडालेले. ते आधी अंगणातल्या नळाखाली अंग खसाखसा घासायचे आणि मग घरात यायचे. महिनाभरात घराला कसलाच वास उरला नाही. शाळेतून आले की मी उंबऱ्यातच थबकायची. वाटायचं, इथे कुणी राहतच नाही.

पाण्याचा पेला पुढे केला की ताई तोंड फिरवायची. “ह्याला ओठांचा वास येतो. आजवर प्यायलेल्या सगळ्यांच्या.”

मग मी युक्ती काढली. सुई टोचू नये म्हणून ती बोटात जे पितळी टोपण घालते ना, अंगुस्तान, त्यात पाणी! दर पाच मिनिटांनी एक. टिकलं की कापड आखायच्या खडूने दारामागे एक रेघ. पहिल्या दिवशी अकरा. एका रविवारी एकशे चार! दाजींनी मला सलामच ठोकला. हा शोध मी वर्गात इतक्यांदा सांगितला, की मैत्रिणी मला ‘डॉक्टर’ म्हणायला लागल्या.

ताई अंथरुणावर बसून थोडंफार शिवायची. आलेला कपडा आधी नाकाशी नेऊन बघायची, सोसेल की नाही म्हणून. शेजारच्या मास्तरीणबाई एकदा नवऱ्याचा कोट घेऊन आल्या. “परगावाहून आले की लगेच लागेल हो त्यांना. तेवढ्या बाह्या आखूड करून दे.”

ताईने कोट हुंगला. मग पुन्हा एकदा, सावकाश.

“ह्यात कुणी नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“कुणीच नाही.”

मास्तरीणबाई कोट ओढून घेऊन गेल्या. आई ताईवर चिडली, “जिभेला काही हाड?” तिसऱ्या दिवशी परगावाहून निरोप आला. मास्तरीणबाईंचं रडणं भिंतीतून ऐकू येत होतं, आणि ताई कानांवर उशी दाबून बसली होती.

त्या दिवसापासून मी माझा गणवेश गच्चीवर टांगायला लागले.

मग एका मंगळवारी शाळेतून आले, तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या! ताई स्वयंपाकघरात उभी.

“पाव खाल्ला,” ती म्हणाली. “अख्खा. टिकला.”

मी इतक्या जोरात किंचाळले की आई गच्चीवरून धावत आली. मी फडकं ओलं केलं आणि दारामागच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या. “संपली शाळा! रेघा बंद!” आईने स्टोव्ह खाली आणला आणि रडत रडत कांदा चिरून कढईत टाकला.

ताई कढईवर वाकली. श्वास ओढला. मग तिने साबण हुंगला. रॉकेलची बाटली उघडून नाकाशी धरली. शेवटी बादलीत डोकं घातलं.

“कसलाच वास येत नाही गं.”

“मग चांगलंच आहे की! बरं सांग, दाजी कुठवर आले?”

“माहीत नाही.”

आणि मी वळून पाहिलं तर दाजी दारात उभे होते.

ताईने गाऊनचा पोटावरचा भाग मुठीत धरला, वर उचलला आणि हुंगला. मग पुन्हा एकदा, सावकाश. ती आता काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. माझ्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं.

पण ती ते म्हणाली नाही. दाजींना एवढंच म्हणाली, “चपला काढू नका. दवाखान्यात जाऊ.”

तिथली नर्स बडबडी होती. ताईच्या पोटावर यंत्र फिरवता फिरवता विचारत होती, “माझं ब्लाऊज कधी देणार? बाळ झाल्यावर तर तुम्ही कुणाला ओळखणारसुद्धा नाही.” मग तिने यंत्राचा पडदा हळूच स्वतःकडे वळवला.

तीन दिवसांनी ताई घरी आली. बाळ गेलं होतं. मी रेघा पुसल्या म्हणून काही झालं नाही, हे मला कळतं. विज्ञानात मी पहिली येते. तरी मी दारामागे बघत नव्हते.

घरात कांद्याचा वास होता, साबणाचा होता, ग्रीसचा होता. आईने पाण्याचा पेला काठोकाठ भरून पुढे केला. ताईने तो घेतला आणि शेजारी ठेवला. मशीनचा खण उघडून अंगुस्तान काढलं, पेल्यात बुडवलं, प्यायली. आणि घड्याळाकडे बघत बसली.

पाच मिनिटांनी पुन्हा बुडवलं.

“अगं, आता पेल्याने—” आई म्हणायला लागली. दाजींनी नको म्हणून मान हलवली.

मी खणातून खडू घेतला, दारामागे गेले आणि अगदी वरच्या कोपऱ्यात दोन रेघा मारल्या.