ग्रुपवरची मय्यत

जेद्दाच्या बलद बाजारात अत्तर विकता विकता कादिरचे केस पिकले, पण गाव काही सुटलं नाही. म्हणजे गावाने त्याला केव्हाच सोडलं होतं. सुट्टीवर गेला की पोरं विचारत, "हे चाचा कोण?" नावाने हाक मारणारे निम्मे कबरस्तानात झोपले होते. उरलेलं गाव मोबाईलमध्ये होतं, 'साखरखाडी मोहल्ला जमात' नावाच्या ग्रुपवर. कादिर त्या ग्रुपवर होता, म्हणून तो गावात होता.

ग्रुपवर लग्नं ठरत, विहिरीवरून भांडणं होत. तिथे कादिरला कोण विचारतो? म्हणून त्याने एक काम आपलं करून घेतलं. गावात कुणी गेलं की पहिली दुवा त्याची. मजकूर फोनमध्ये तयार ठेवलेला, नाव तेवढं बदलायचं. शेवटची ओळ ठरलेली: "मरहूमच्या नावे मी मक्केला जाऊन उमरा करीन." कुवेतला असलेल्या, गावच्याच हम्मादला ती ओळ लिहिता येत नसे; मक्का जेद्दाहून तासाभरावर, कुवेतहून नाही. कादिर सुरुवातीला खरंच जायचा. मग गुडघे धरले, तेव्हापासून नुसतं लिहायचा. लोक "जजाकल्लाह कादिरभाई" म्हणून आभार मानत आणि त्याचा तो दिवस ईदसारखा जाई. एकदा तो आंघोळीला गेला असताना हम्मादने दुवा टाकून पहिला नंबर लावला, तर कादिर त्या दिवशी जेवला नाही.

शेजारी यात्रेकरूंची पांढरी वस्त्रं, एहराम, विकणारा रफीक त्याच्याच गावचा. दोघे एका खोलीत राहत. रफीक म्हणे, "कादिरभाई, मौतचा फरिश्ता तुम्हाला विचारूनच साखरखाडीत उतरतो वाटतं." कादिरला तो टोमणाही शाबासकीसारखा लागे.

एका दुपारी, जुहरच्या नमाजासाठी शटर ओढताना फोन किणकिणला. लतीफ खोताचा फोटो. पांढरी टोपी, एकटाच, भिंतीला पाठ लावून. आता साखरखाडीत म्हाताऱ्याचा एकट्याचा फोटो ग्रुपवर कशासाठी येतो, ते शेंबडं पोरही सांगेल. खाली लांबलचक मजकूर होता. कादिर अक्षरं शिकला तो पन्नाशीनंतर. एवढं वाचेपर्यंत नमाज चुकला असता. आणि हम्माद काहीतरी लिहितोय, असं वर दिसत होतं.

लतीफ! दोघांनी एकाच होडीत बसून खेकडे धरले होते. छातीत कळ आली, नाही असं नाही. पण बोटं थांबली नाहीत. मजकूर टाकला, नाव बदललं, आणि जिवलग म्हणून पदरची एक ओळ घातली: "माणूस चिडका होता, अल्लाह माफ करो."

मशिदीतून परतला तर रफीक दुकानाच्या पायरीवर पोट धरून हसत होता.

"खलास, कादिरभाई! अहो, लतीफभाई ऑपरेशन होऊन घरी आलेत! पोराने आभार मानलेत खाली, आभार!"

तोवर मुंबई, दोहा, कुवेत, सगळीकडच्या म्हाताऱ्यांनी कादिरच्या मागे रांग लावली होती. मौतीला म्हणतात ते इन्ना लिल्लाह, त्याखाली आणखी इन्ना लिल्लाह. कादिरभाईंनी लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं कशाला? हम्मादनेही लिहिलं होतं. मुंब्र्याला दिलेली लतीफची लेक ऊर बडवत गाडी करून गावाला निघाली होती. शेवटी खुद्द लतीफने लिहिलं होतं: "कादिर, मी पेज पितोय. चिडका आहे, ते मात्र खरं."

त्यावर लोक हसले असते आणि मिटलं असतं. पण ग्रुप चालवायचा लतीफचा मुलगा मुदस्सर. त्याने कादिरला काढून टाकलं. बाकीच्या म्हाताऱ्यांना ठेवलं.

चार दिवसांनी कादिरने बायकोला फोन लावला. सुरैया गावातच होती.

"जित्या माणसाला गाडलंत," ती म्हणाली. "बायका मला बघून दारं लावतात. मला फोन करायला कधी केलीत हो एवढी घाई?"

"मुदस्सरला सांग ना, मला परत घे म्हणावं."

"लतीफभाईंना फोन करा आधी. रोज विचारतात तुम्हाला."

"घेऊ दे ग्रुपवर, मग करतो."

तो थांबला. लतीफ पोराला सांगेल, पोरगा घेईल, मग आपण फोन करू, असा त्याचा हिशोब. दिवसभर तो रफीकच्या दुकानाशी घुटमळायचा.

"काय आलं रे?"

"पुष्कळ आलं."

"कोण गेलं का?"

"आधी भांडी घासा, मग सांगतो."

कादिर खोलीवर रफीकची भांडी घासू लागला. बदल्यात रफीक फोन दाखवायचा, पण हातात द्यायचा नाही.

एका जुम्म्याला नमाजानंतर रफीक आला तो न हसता.

"लतीफभाई गेले. पहाटे. दफनही झालं."

कादिर स्टुलावर बसला. ओठ हलले. रफीकला वाटलं, म्हातारा दुवा पढतोय. त्याने कान जवळ नेला.

"पहिलं कुणी लिहिलं?" कादिर विचारत होता.

"काय?"

"वर सरकव. पहिलं कोण?"

"हम्माद."

"आणि उमऱ्याचं?"

रफीकने नजर चुकवली. "मी टाकलं. जेद्दातून कुणीतरी टाकायला हवं ना."

कादिरच्या डोळ्यांत तेव्हा कुठे पाणी आलं. लतीफचं किती आणि त्या ओळीचं किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने रफीकची बाही धरली. "मुदस्सरला फोन लाव. म्हणावं, आजच्या दिवस घे. एवढी दुवा लिहू दे."

रफीकने लावला. पलीकडून बायकांचा आकांत ऐकू आला, मग मुदस्सरचा आवाज.

"कादिरचाचांचं लिहून झालंय," तो म्हणाला. "अब्बांनी वाचलंय ते." आणि फोन ठेवला.

रफीकचा फोन किणकिणत राहिला, जजाकल्लाह रफीकभाई, जजाकल्लाह. कादिरने डोळे पुसले आणि वाचायला मान लांब केली. रफीकने फोन आपल्याकडे वळवून घेतला.