रामहरीची गल्ली

रामहरी जेवतानाही फोन ताटाशेजारी ठेवायला लागला, तेव्हा ज्ञानेश्वरीला पहिल्यांदा संशय आला. तो आंघोळीला गेल्यावर तिनं फोन उघडून पाहिला. बाईबिई काही नव्हती. ग्रुप निघाला. 'मुकुंदवाडी स्टेशन गल्ली, जुने दोस्त'.

तिला आधी हायसं वाटलं. पण चार-आठ दिवसांत कळलं, की बाई परवडली असती.

रामहरीचे वडील मल्हारराव मेंढरं विकून शहरात आले, तेव्हा चिकलठाण्याच्या कंपन्यांत माणसं घेत होते. मुकुंदवाडी स्टेशनामागच्या एका गल्लीत त्यांनी खोली भाड्यानं घेतली. रामहरी तिथंच जन्मला, तिथंच मोठा झाला. त्याला वाळूजला नोकरी लागली तसं सगळं घर बजाजनगरला आलं, आणि त्याच वर्षी पिशोरची ज्ञानेश्वरी त्याची बायको झाली. म्हणजे गल्ली सुटली आणि ही आली. तिनं ती गल्ली कधी पाहिलीच नाही. ऐकली मात्र रोज. सासूबाई बानाबाई होत्या तोवर त्या सांगायच्या, त्या गेल्यावर रामहरी सांगायला लागला. आणि आता तर ग्रुपच झाला होता.

"आज कोणी मेसेज टाकला माहितीये का?" एका संध्याकाळी तो म्हणाला. "रूपानं. नुसते हात जोडलेत, पण टाकला."

"रूपा कोण?"

"अगं, डोक्यावर दोन अन् कमरेवर एक हंडा घेऊन चढ चढायची ती. सांगितलं नव्हतं का? रूपा हसली की हौदाजवळच्या गिरणीतला माणूस दळण सोडून बाहेर बघायचा."

"अन् तुम्ही?"

"मी बी बघायचो," रामहरी सहज म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली.

ज्ञानेश्वरी उठून ओट्याकडं गेली. बिल्डिंगची मोटर जळाली होती त्या उन्हाळ्यात तिनं तीन जिने चढून पाणी आणलं होतं, पोटात सत्यम असताना. ते या माणसानं कधी कोणाला सांगितलेलं तिनं ऐकलं नव्हतं. त्याला आठवत तरी होतं का, देव जाणे.

मग ग्रुपवर ठरलं, की येत्या रविवारी सगळ्यांनी गल्लीत जमायचं. रामहरीनं नवा शर्ट आणला. ज्ञानेश्वरीनं विचारलं, "बायकांना नाय का बोलावलं?"

"तू येऊन काय करशील? तिथं तुला कोण ओळखतं?"

हे तो रागानं बोलला नव्हता. जे होतं तेच बोलला होता. म्हणून ते तिच्या घशाखाली उतरेना.

मंगळवारी तो फर्स्ट शिफ्टला गेला आणि तिनं कपाटातली चांगली पैठणी काढून नेसली. आणखी एक साडी पिशवीत घेतली. रूपा फॉल-बीडिंग करते, हे तिनं ग्रुपवरच वाचलं होतं. सिडकोपर्यंत बस, पुढं शेअर रिक्षा. रिक्षात बसल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. एवढं नटून आपण कोणाला दाखवायला निघालोय? पण ती उतरली नाही.

गल्ली सापडायला वेळ लागला नाही. मात्र ती आहे तरी केवढी! दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागेल. दोन्हीकडं स्लॅबची घरं, उघडी नाली, प्रत्येक दारापुढं पाण्याचा निळा ड्रम. यासाठी हा माणूस माझ्या घरात बसून उसासे टाकतो? ज्ञानेश्वरीला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

एका दारावर 'फॉल, पिको, ब्लाऊज' अशी पाटी होती. आत मशीनवर एक जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई बसली होती. पाय सुजलेले, केस अर्धे पांढरे.

"रूपाताई कुठं भेटतील?"

"मीच. काय, फॉल लावायचा का?"

ज्ञानेश्वरी दोन क्षण तिच्याकडं बघतच राहिली. मग साडी पुढं केली. "पिशोरची आहे मी. नातेवाइकांकडं आले होते."

रूपानं साडी उलगडली, पोत बघितला. "परवा देते. पाण्याची पाळी आहे उद्या, उद्या काम होत नाय. आठ दिवसांनी नळ येतो, दिवसभर त्याच्यापुढं बसावं लागतं."

"हौदावरून आणत नाय का आता?" ज्ञानेश्वरीच्या तोंडून निघून गेलं. "गिरणीजवळच्या?"

रूपानं चष्म्यावरून पाहिलं. "हौद बुजवून जमाना झाला. गिरणीच्या जागी तो मोबाइलवाला बसलाय. तुम्हाला कसं ठाऊक?"

ज्ञानेश्वरी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागली. रूपा मात्र हसायला लागली. हसताना तिच्या गालाला अजून खळी पडत होती, ते ज्ञानेश्वरीला दिसलं आणि काळजात बारीक काटा गेला.

"हौद अन् गिरणी, रोज हेच लिहिणारा ग्रुपवर एकच माणूस आहे. रामहरीची बायको ना तू? वहिनी, बस की. उभी काय?"

"रागावल्या का?"

"मी कशाला रागावू? बघायला आली व्हतीस ना मला? बघ. ही अशी आहे." तिनं मशीनवरचा दोरा तोडला. "पण खरं सांगू का, ते ग्रुपवर लिहितात ना, गल्ली किती भारी होती, काय दिवस व्हते, तवा माझं डोकं फिरतं. सगळे निघून गेले. कोणी बजाजनगर, कोणी पुणे. फ्लॅट घेतले, गाड्या घेतल्या. अन् आता तिकडून आठवणी काढतात. मी अजून तेच पाणी भरते, वहिनी. मला कशाची आठवण यावी?"

ज्ञानेश्वरीला वाटलं होतं, आपणच जळतोय. समोरची बाई तर तिच्या पैठणीकडं बघत होती.

"अन् तुझा रामहरी," रूपा चहाचं आधण ठेवत म्हणाली, "सगळ्यांत आधी त्यालाच जायचं होतं. या बोळात जीव घुसमटतो म्हणून बानाकाकूशी भांडायचा. आम्हाला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं."

रविवारी ज्ञानेश्वरी न विचारता तयार झाली. "मी येते," एवढंच म्हणाली. रामहरी गडबडला, पण नाही म्हणाला नाही.

गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या, भज्यांचा वास सुटला होता. रूपानं दारातूनच हाक मारली, "वहिनी, ये, साडी तयार आहे तुझी!" रामहरी एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला.

"ही कशी काय ओळखते तुला?"

"ओळखते," ज्ञानेश्वरी म्हणाली. त्याचं तोंड उतरलेलं पाहून तिला जे समाधान वाटलं, ते तिनं लपवलंही नाही.

पण ते टिकलं नाही. थोड्या वेळानं सगळे जुने लोक मोबाइलच्या दुकानापुढं दाटीवाटीनं उभे राहिले. सर्जेराव नावाच्या एका टकल्या गृहस्थानं ज्ञानेश्वरीच्या हातात फोन दिला. "वहिनी, तुम्ही काढा फोटो." तिनं फोन डोळ्यासमोर धरला. मधोमध रामहरी होता, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, तोंड भरून हसत. घरात तो असा कधी हसला होता, हे तिला आठवेना. पहिला फोटो बिघडला.

"रूपे, ये की!" कोणीतरी ओरडलं.

"मी कशाला? मी तर रोज इथंच असते," रूपा म्हणाली आणि ज्ञानेश्वरीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

परत येताना बाबा पंपाचा चौक मागं पडला. छावणीत मोटारसायकल हळू झाली तशी ज्ञानेश्वरीनं मागून विचारलं, "त्या गल्लीत जीव घुसमटतो म्हणायचात म्हणं तुम्ही?"

रामहरीनं गिअर बदलला. "व्हय," तो म्हणाला. "तवा नको वाटायची."

"मग आता काय झालं?"

"आता तरणा नाय मी. तिथं होतो."

गोलवाडीचा पूल गेला. कंपन्यांचे दिवे दिसायला लागले.

"अन् आपल्या घराची कधी येणार आठवण?"

"ते सोडल्यावर येईल की," तो प्रामाणिकपणानं म्हणाला.

ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांपुढं लगेच एक म्हातारा रामहरी आला. कुठल्यातरी नव्या घरात, कोणाच्यातरी पुढं बसून तो बजाजनगरच्या तीन जिन्यांबद्दल, तिच्या हंड्यांबद्दल बोलत होता. ऐकणारं कोण ते दिसत नव्हतं, पण ते आपण नव्हतो, एवढं नक्की.

"कोणाला सांगाल?" तिनं विचारलं.

"काय?"

"काय नाय. गाडी नीट चालवा."

तिनं त्याचा नवा शर्ट मुठीत गच्च धरला.