हिरॉइनचा उसासा

"मॅडम, सिनेमात तुमच्या तोंडून बोलतं ते कोण?"

प्रश्न काव्या आणि अनुषा या वर्गमैत्रिणींचा होता, तोंड मात्र वैजयंतीचं. शाळेच्या गॅदरिंगला पाहुणी म्हणून एक कन्नड सिनेमाची हिरॉइन आली होती आणि तिला भर सभेत हे विचारून दाखवलं तर वैजूला मसाला दोसा, अशी पैज लागली होती. वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून वैजूला जगात कुणाचीच भीती वाटेनाशी झाली होती. हेडमिस्ट्रेसबाईंनी डोळे मिटून घेतले.

हिरॉइन मुंबईची. स्टेजवर 'नमस्कारा' सोडून तिनं कन्नडचा एक शब्द काढला नव्हता. ती मनापासून हसली आणि हिंदीत म्हणाली, "शारदाबाई. माझंच काय, बाहेरून येणाऱ्या आम्हा सगळ्यांचं त्याच बोलतात. इथंच, मल्लेश्वरमच्या स्टुडिओत."

दोसा मिळाला, पण वैजूचं त्यात लक्ष नव्हतं. लहानपणापासून प्रत्येक हळदीकुंकवाला बायका तिला मधे उभं करत आणि म्हणत, "वैजू, ती हिरॉइन करून दाखव ग." वैजू मान वाकडी करी, बोलण्याआधी एक हलकासा उसासा टाकी, मग वाक्य. त्या उसाशावर बायका फिदा होत्या. सगळ्या हिरॉइन असाच उसासा टाकतात, असं तिला वाटायचं. आता कळलं, की सगळ्या मिळून एकच बाई होती. आणि हे चक्क कामही असतं, त्याचे पैसे मिळतात, आणि ते आपल्या घरापासून दोन रस्ते सोडून चालतं.

तिनं अण्णांच्या मागे धोशा लावला. तिचे वडील गुंडूराव यांचं आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या आडरस्त्याला, भांड्यांचं दुकान होतं. चार पिढ्या बेंगळुरात काढलेलं घर. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड, आणि सिनेमावाल्यांबद्दलचं मत दोन्ही भाषांत वाईट. पण पोरीनं जेवताना, अंघोळीला जाताना, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना एकच लावून धरलं, तेव्हा ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. एकदा नेतो. हाकलून दिलं की गप बसायचं."

हाकलून दिलं असतं तर गुंडूरावांना बरंच वाटलं असतं. पण स्टुडिओत डबिंगचं सगळं बघणारे पुरुषोत्तम म्हणून गृहस्थ होते, त्यांनी वैजूला मोठाले हेडफोन घातले आणि पडद्यावर सिनेमाचा एक तुकडा लावला. तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता. हिरॉइनचे ओठ हलायला लागले की बोलायचं, थांबले की थांबायचं. वैजूनं उसासा टाकला आणि वाक्य म्हटलं. दुसऱ्याच फेरीला ओठ जुळले.

काचेपलीकडे पुरुषोत्तम उठून उभे राहिले. "अगदी तशीच," ते म्हणाले. मग निर्मात्याला फोन लावून तेच म्हणाले. शारदाबाईंनी, तब्येत बरी नसते, आता रोज दोन तासांपेक्षा जास्त काम करणार नाही, असं कळवलं होतं आणि निर्माता डोक्याला हात लावून बसला होता. त्याला हुबेहूब दुसरी शारदाबाई शाळेच्या गणवेशात चालत आली होती.

आणि मग जो तो "अगदी तशीच" म्हणायला लागला. अण्णांचं मत रातोरात फिरलं. दुकानात तांब्या घ्यायला आलेल्या माणसाला ते तांब्याआधी वैजूची बातमी देत. आईनं हेब्बाळच्या मावशीला फोन केला, मावशीनं फोनवरच उसासा टाकायला लावला आणि म्हणाली, "अग बाई, अगदी तशीच." मराठा मंडळाच्या कार्यक्रमात सत्कार ठरला. वैजूला पहिले दोन दिवस गुदगुल्या झाल्या. तिसऱ्या दिवसापासून डोकं उठलं.

कारण स्टुडिओत तिला काही करूच देत नव्हते. पडद्यावर हिरॉइन बसस्टॉपवर छेड काढणाऱ्या पोराला खडसावत होती. वैजूनं खडसावलं, चांगलं दणकून.

"नको, नको," पुरुषोत्तम म्हणाले. "आधी तो उसासा."

"सर, ती चिडलीय. चिडलेली मुलगी उसासा कशाला टाकेल?"

"लोकांना सवय आहे, पुट्टी, पोरी. शारदाबाई टाकतात, तू टाक."

टाकला. पुढच्या तुकड्यात हिरॉइन जिन्यावरून धावत येऊन बाप आजारी असल्याचं सांगत होती. तिथंही उसासा. मग भाजीवाल्याशी घासाघीस. तिथंही. असं वाटत होतं की या हिरॉइनला कांदे घेतानासुद्धा प्रेमभंग होतो.

त्याच दुपारी शारदाबाई आल्या. त्यांचा राहिलेला एक सीन होता. वैजूला वाटलं होतं, कुणी उंच, नाजूक बाई असेल. आल्या त्या साठीच्या, ठेंगण्या, हातात कापडी पिशवी. त्या बाकावर बसल्या, काचेपलीकडे वैजूचं काम ऐकलं आणि ती बाहेर आल्यावर तिला जवळ बोलावलं. त्याही घरी मराठीच बोलणाऱ्या निघाल्या.

"कुणाची ग तू?"

"गुंडूराव भांडीवाल्यांची."

"बरं बोलतेस. मला एक सांग." त्या थांबल्या, श्वास ओढून हलकेच सोडला आणि मग बोलल्या. अगदी तोच उसासा. "हा उसासा तू का टाकतेस?"

"तुम्ही टाकता म्हणून, बाई."

"मला दमा आहे. तुला काय झालंय?"

वैजूला हसू आलं, मग कान तापले. शारदाबाईंनी पिशवीतून फवाऱ्याचं औषध काढलं, तोंडात मारलं. "मी पुरुषोत्तमला वर्षानुवर्षं सांगतेय, तो भाग कापून टाक. तो म्हणतो, तीच तर गंमत आहे. आता तू आलीस. म्हणजे मी गेले तरी माझा दमा राहणार."

"मग मी काय करू?"

"ते मला काय विचारतेस? काम चांगलं आहे, पैसे बरे आहेत. नाव कुठं लागत नाही. माझं कधी लागलं नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या.

वैजूनं पुरुषोत्तमांना गाठलं. हिरॉइनचं माझ्या स्वतःच्या आवाजात बोलून दाखवते, ऐका तर, म्हणाली. त्यांनी ऐकलं. निर्मात्यालाही ऐकवलं. निर्माता म्हणाला, "चांगलं आहे, पण ही कोण?"

"मी," वैजू म्हणाली.

"तू नकोय आम्हाला. त्या हव्यात."

तेवढ्यात पडद्यावर हिरॉइनचा धाकटा भाऊ आला. दहा वर्षांचं आगाऊ पोर, सगळ्या मोठ्यांना उलटून बोलणारं. त्याच्यासाठी आवाज मिळत नव्हता. असल्या पोरांचं बायकाच बोलतात, पण आलेल्या सगळ्या फार गोड बोलत होत्या. वैजू इतकी वैतागली होती की कुणी न विचारता माइकशी गेली आणि त्या पोराचं सगळं बोलणं एका दमात फाडफाड म्हणून मोकळी झाली. ओठ थोडे चुकले. पुरुषोत्तम खो खो हसत होते. "हे कुणासारखं केलंस?"

"कुणासारखं नाही."

निर्मात्यानं शारदाबाईंसारखी हिरॉइन आणि हे पोर अशी दोन्ही कामं समोर ठेवली, पण एकच घ्यायचं; दोन्हीकडे तोच आवाज चालणार नव्हता. उद्या सांग, म्हणाला.

घरी आई मंडळाच्या सत्काराची साडी काढून बसली होती. अण्णांनी निमंत्रणाची यादी आधीच वाढवली होती. वैजूनं सगळं सांगितलं, दम्यासकट.

"अग, पण हिरॉइन सोडून कुणी पोराचा आवाज देतं का?" आई म्हणाली. "मी मावशीला काय सांगू?"

"आम्ही सगळीकडे हिरॉइन म्हणून सांगितलंय," अण्णा म्हणाले. "स्वल्प, थोडा तरी विचार कर, वैजू. पुढं नाव होईल."

"कुणाचं, अण्णा? त्या बाईंचं झालं नाही, आणि त्यांचा आवाज तरी त्यांचा होता."

"पोराचं केलंस तर नाव लागणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. रोज शाळा सुटल्यावर जाणार, आणि दहावीला चांगले मार्क पडले तर तुम्ही मला अडवायचं नाही." ती दारातच उभी होती, दप्तर अजून पाठीला. "मी उद्या पुरुषोत्तम सरांना सांगणार आहे. मी त्या पोराचं बोलणार. हिरॉइनला दुसरं कुणीतरी शोधू दे त्यांना."